बार्ले: एक गाव, दोन देश. आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

सायली_आ · १२ एप्रिल २०२५, २१:४०

नमस्कार मंडळी. आम्ही आइंडहोव्हनला राहतो. मेमध्ये आई-बाबा नाशिकहून दीड महिन्यासाठी येतायत. ट्यूलिप तोवर संपलेले असतील (तिकिटं उशिरा काढली, यावरून घरात एक महाभारत होऊन गेलंय). ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स तर होईलच, पण मला त्यांना बार्लेला न्यायचंय. नेदरलँड्समध्ये असलेलं, पण मधूनमधून बेल्जियम असलेलं ते गाव. रस्त्यावर पांढऱ्या फुल्या मारून सीमा दाखवलीय ते.

कारण सांगते. बाबा भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते, ३३ वर्षं. निफाड, येवला, सिन्नर सगळं पायी मोजलंय. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी कुणाच्याही बंगल्याचं कुंपण दिसलं की "हे दीड फूट बाहेर आलंय" म्हणून मोकळे होतात. मला वाटतं त्यांना आयफेल टॉवरपेक्षा हे आवडेल. नवरा म्हणतो, फुटपाथवरच्या फुल्या बघायला कोण पन्नास-साठ किलोमीटर जातं?

कुणी गेलंय का? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. आणि दोघं शाकाहारी.

खडूस_काका · १२ एप्रिल, २२:०५

जाऊन आलोय. चाळीस मिनिटांत संपतं. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, फोटो, झालं. बाकी चार कॅफे, एक चर्च आणि फटाक्यांची दुकानं. तुमच्या मिस्टरांशी सहमत.

टिळबर्गकर · १२ एप्रिल, २२:३१

काका, चाळीस मिनिटांत तुम्ही गाडीचं दारही नीट लावलं नसेल. :)

सायलीताई, मी अकरा वर्षं टिळबर्गला आहे, बार्ले इथून वीसेक किलोमीटर. पाहुणे आले की नेतोच. काका म्हणतात ते अर्धं खरं आहे. नुसतं बघायला गेलात तर ते ब्राबांट प्रांतातलं कुठलंही गाव आहे: विटांचे रस्ते, सायकली, झाडाखाली खुर्च्या. पण काय बघतोय हे माहीत असेल तर पाय निघत नाही.

घरांच्या नंबराच्या पाट्या बघा, त्यावर छोटा झेंडा असतो. काळा-पिवळा-लाल म्हणजे बेल्जियम, लाल-पांढरा-निळा म्हणजे नेदरलँड्स. एकाच ओळीत डच, डच, बेल्जियन, डच असं चालतं. घर दोन्हीकडे पसरलं असेल तर पुढचं दार ज्या देशात, तो घराचा देश. आणि लोव्हरेन नावाच्या रस्त्यावर एक घर असं आहे की सीमा दारातूनच गेलीय. त्याला दोन नंबर आहेत, एक डच, एक बेल्जियन. दार सरकवून देश बदलल्याचे किस्से गावात कुणालाही विचारा, ऐकवतील.

रेल्वे नाही. पूर्वी टिळबर्ग ते टर्नहाऊट आगगाडी बार्लेवरून जायची. आता त्या मार्गावर सायकलींचा सुंदर रस्ता आहे, 'बेल्स लाइंट्ये' म्हणतात. आईंचे गुडघे आहेत म्हणजे गाडीच बरी. सगळं मध्यावरच आहे, बसत बसत होतं.

सोनचाफा · १२ एप्रिल, २२:४८

एक बाळबोध प्रश्न. व्हिसाचं काय? माझ्या सासूबाईंचा शेंगेन एकाच एंट्रीचा होता. शंभर वेळा बेल्जियममध्ये जाऊन परत आलं तर?

टिळबर्गकर · १२ एप्रिल, २२:५५

दोन्ही शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, त्यामुळे आत-बाहेर मोजतच नाही कुणी. मोबाईलचा मात्र पार गोंधळ उडतो. मला एका दुपारी नऊ वेळा "बेल्जियममध्ये स्वागत" आलंय. तेवढं तर माझ्या सासुरवाडीतही झालं नाही.

पेन्सिलशार्प · १२ एप्रिल, २३:२०

"मधूनमधून बेल्जियम" हे जरा नीट सांगतो, नाहीतर लोक वाघा बॉर्डरसारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणतील.

नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ सुटे तुकडे आहेत. ते बार्ले-हेर्टोखचे. भोवतालचा डच भाग तो बार्ले-नासाउ. आता मजा पुढे. त्या बेल्जियन तुकड्यांच्या पोटात परत ७ डच तुकडे आहेत, सहा सगळ्यात मोठ्या तुकड्यात आणि एक दुसऱ्या क्रमांकाच्या तुकड्यात. आठवा डच तुकडा थोडा लांब, खुद्द बेल्जियममध्ये आहे. म्हणजे नेदरलँड्समध्ये बेल्जियम, त्यात नेदरलँड्स. पुरणपोळीत पुरण आणि पुरणात परत पोळी.

दोन नगरपालिका, दोन महापौर. पोलीसही दोन देशांचे, पण ठाणं एकच.

उंबरठा · १३ एप्रिल, ०७:१५

पुरणात पोळी! सकाळी सकाळी हसवलंत.

पण हे असं झालं कसं? कुणीतरी दारू पिऊन नकाशा काढला का?

पेन्सिलशार्प · १३ एप्रिल, ०९:०२

दारू नाही, वाटणी. ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक हेन्री पहिला आणि ब्रेडाचा सरदार गॉडफ्रीड यांच्यात समझोता झाला. ड्यूकने बार्लेच्या आसपासची जमीन सरदाराला दिली, पण ज्या जमिनी आधीच कसल्या जात होत्या, जिथली माणसं ड्यूकला सारा देत होती, त्या स्वतःकडे ठेवल्या. म्हणजे लागवडीखालचं ड्यूकचं, पडीक सरदाराचं. पुढे ब्रेडा नासाउ घराण्याकडे गेलं, म्हणून बार्ले-नासाउ. 'हेर्टोख' म्हणजे ड्यूक, म्हणून बार्ले-हेर्टोख.

तेव्हा ही देशांची सीमा नव्हतीच. १६४८ च्या तहाने डच प्रजासत्ताक स्पेनपासून वेगळं झालं आणि हा भाग दोन सत्तांमध्ये वाटला गेला. १८३० मध्ये बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटला. १८४३ च्या तहात सगळी सीमा आखून झाली. बार्लेपाशी आल्यावर त्यांनी हात टेकले. तिथे सलग रेषा काढलीच नाही. नुसती प्लॉटांची यादी केली, अमुक नंबर तुमचा, तमुक नंबर आमचा. पाच हजारांवर प्लॉट होते.

तलाठी_आप्पा · १३ एप्रिल, १०:४४

सायलीबाई, तुमच्या वडिलांना अवश्य न्या. कुणाचं काही ऐकू नका.

मी बावीस वर्षं तलाठी होतो, फलटण आणि माण तालुक्यात. वरचं वाचून अंगावर काटा आला. हे तर आमच्याच दप्तरातलं प्रकरण आहे! कसणारी कुळं थोरल्या भावाने ठेवली, माळरान धाकट्याच्या गळ्यात मारलं. पुढे धाकट्याच्या नातवंडांनी माळ फोडून बागायत केली आणि थोरल्याचे तुकडे मधेमधे बेटासारखे राहिले. असे गट मी किती पाहिले असतील. फक्त आमच्याकडे त्यातून भाऊबंदकी झाली, तिकडे दोन देश झाले.

यादी केली आणि रेषा काढली नाही, ही मात्र मोठी चूक. गटनंबर कागदावर राहतो, बांध दर पावसाळ्यात सरकतो.

खडूस_काका · १३ एप्रिल, ११:०१

आप्पा, तिकडे बांध कोरत नाहीत.

तलाठी_आप्पा · १३ एप्रिल, ११:०९

माणूस तिथे बांध कोरणार. पैज लावतो.

पेन्सिलशार्प · १३ एप्रिल, १२:३०

आप्पा, पैज जिंकलात. प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं.

झोंडेरेयखेन भागातले दोन प्लॉट, नंबर ९१ आणि ९२. गावांनी १८४१ मध्ये आपसांत केलेल्या नोंदीत ते बार्ले-नासाउचे, म्हणजे डच. १८४३ च्या तहाला जोडलेल्या नोंदीत ते बार्ले-हेर्टोखचे, म्हणजे बेल्जियन. डच सरकारचं म्हणणं, ही नक्कल करणाऱ्याची चूक आहे, आणि तशीही इतकी वर्षं तिथले व्यवहार, जन्ममृत्यूच्या नोंदी आमच्याच दप्तरात आहेत. २० जून १९५९ ला निकाल लागला: १० विरुद्ध ४ मतांनी प्लॉट बेल्जियमचे. तहाचा कागद चुकलेला नाही, आणि डच बाजूने केलेल्या नोंदी नेहमीच्या कारकुनी स्वरूपाच्या होत्या, त्याने बेल्जियमचा हक्क जात नाही.

तलाठी_आप्पा · १३ एप्रिल, १३:१५

म्हणजे वहिवाट हरली आणि कागद जिंकला. नक्कलेत चूक झाली हा बचाव तर मी आठवड्यातून दोनदा ऐकायचो. "भाऊसाहेब, तुमच्याच माणसानं नंबर चुकवला." हे सायलीबाईंच्या वडिलांना गाडीत सांगा, जेवायचं विसरतील.

गोंयकार_बाब · १३ एप्रिल, १६:२०

हेगचा विषय निघालाच आहे तर आपलाही एक खटला त्याच दशकातला. दादरा आणि नगर हवेली. दमणच्या पोर्तुगीज प्रशासनाखालचे, पण चहूबाजूंनी भारताने वेढलेले दोन तुकडे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. त्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पुढे पोर्तुगाल हेगला गेला हे कमी जणांना ठाऊक. "आमच्या दमणहून आमच्या हवेलीला जायचा रस्ता भारत अडवतो." एप्रिल १९६० मध्ये निकाल. कोर्टाने सांगितलं, खाजगी माणसं, मुलकी अधिकारी, माल यांना वाट होती, पण सैन्याला आणि हत्यारी पोलिसांना नव्हती, आणि भारताने केलं त्यात नियमभंग नाही.

आणि पेन्सिलशार्पांच्या पुरणपोळीसाठी: नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ म्हणून गाव आहे, ते आजही गुजरातचं. म्हणजे १९५४ पर्यंत भारतात पोर्तुगाल, त्यात भारत.

आमचे आजे गोव्याच्या हद्दीवरच्या सातार्ड्याकडून रात्री नदी पार करून यायचे तेव्हाच्या गोष्टी वेगळ्या. त्या काय आणल्या-नेल्याच्या आहेत ते इथे लिहीत नाही. :)

सोनचाफा · १३ एप्रिल, १६:४१

लिहा की! आजोबा काय आणायचे?

गोंयकार_बाब · १३ एप्रिल, १७:०३

घड्याळं, ब्लेड. बास.

टिळबर्गकर · १३ एप्रिल, १९:५०

इकडे घड्याळांऐवजी लोणी होतं! आमच्या शेजारचे आजोबा ८६ वर्षांचे, जन्म बार्लेच्या बाजूचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं डच लोणी बेल्जियममध्ये चोरून न्यायचा धंदा या पट्ट्यात जोरात होता, भावात तेवढा फरक होता. सायकलवरून सुरुवात, मग मोटारी, मग मोटारींना पोलादी पत्रे. कस्टमवाले मागे लागले की रस्त्यावर चार टोकांचे खिळे फेकायचे, त्यांना इथे 'कावळ्याचे पाय' म्हणतात. कसाही पडला तरी एक टोक वरच. मी आजोबांना म्हटलं, आमच्याकडे हेच शेतात उगवतं, सराटे म्हणतो आम्ही. त्यांना ते इतकं आवडलं की आता मला बघून "सराते!" अशी हाक मारतात.

त्यांनी स्वतः नेलं का लोणी, हे मात्र विचारलं की चहा आणायला उठतात.

नवापूरवाला · १३ एप्रिल, २१:१२

देशांची सोडा, आमच्या नवापूरला या. प्लॅटफॉर्म एकच. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. मधल्या बाकावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलीत, नवराबायको भांडली तरी एकाच बाकावर वेगवेगळ्या राज्यांत बसतात. घोषणा चार भाषांत. हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती संपेपर्यंत गाडी निघून जाते.

आणि गुजरातेत दारूबंदी. बाकाच्या कुठल्या टोकाला कोण बसलंय ते बघत राहणारा हवालदार मी लहानपणी पाहिलाय.

उंबरठा · १३ एप्रिल, २१:३०

म्हणजे बार्लेतल्या कॅफेसारखंच. तिथे म्हणे डच हॉटेलांची बंद व्हायची वेळ आधी असायची, मग गिऱ्हाइकं टेबल उचलून बेल्जियमच्या बाजूला सरकवायची. खरं आहे का हे?

टिळबर्गकर · १३ एप्रिल, २१:४४

प्रत्येक मार्गदर्शक सांगतो, प्रत्येक कॅफेवाला "आमच्याकडेच घडलं" म्हणतो. पण २०२० चं मी डोळ्यांनी पाहिलंय. मार्चमध्ये बेल्जियमने दुकानं बंद केली, नेदरलँड्सने केली नव्हती. गावात कपड्यांचं एक स्वस्त दुकान आहे, सीमा त्याच्या मधून जाते. मालकांनी दुकानाच्या मध्यावर पट्टी लावली. अर्धं दुकान चालू, अर्धं बंद. म्हणजे या बाजूचे मोजे घ्या, त्या बाजूच्या बनियनला हात लावू नका.

फटाक्यांचंही तसंच. नेदरलँड्समध्ये विक्री वर्षअखेरचे मोजके दिवस, बेल्जियन बाजूला वर्षभर. म्हणून खडूस_काकांना ती दुकानं दिसली. डिसेंबरात तिकडे रांगा लागतात.

भटक्या_विजू · १४ एप्रिल, ००:२०

लोंगवा कुणी लिहिलं नाही अजून? नागालँड, मोन जिल्हा. कोन्याक लोकांचं डोंगरावरचं गाव, मधून भारत-म्यानमार सीमा. तिथल्या आंगांचं, म्हणजे प्रमुखांचं, घरच दोन देशांत आहे. लांबच लांब, गवताने शाकारलेलं. आत अंधार, मध्ये चूल, धुराने काळे झालेले खांब. मी चुलीपाशी बसलो होतो. शेजारचा पोरगा म्हणाला, तुम्ही भारतात आहात, तुमची बॅग म्यानमारमध्ये आहे. पासपोर्ट कुणी विचारला नाही. फक्त नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागलं होतं.

बार्ले वाचून एक फरक जाणवला. तिथे रेषेच्या आधी वाटणीची भांडणं आहेत, कागद आहेत, गावाला माहीत होतं काय चाललंय. लोंगवात रेषा कुणीतरी लांब बसून ओढली आणि ती माथ्यावरच्या घरावरून गेली. लोकांची शेतं पलीकडे, नातेवाईक पलीकडे. १६ किलोमीटरपर्यंत ये-जा मोकळी होती, तीही बंद करायची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. तिथे एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो मीही काढलाय. आता तो बघितला की जरा ओशाळल्यासारखं होतं.

मंजिरी_माँट्रियल · १४ एप्रिल, ०४:३५

विजू, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं ठरवलं.

आमच्यापासून दीड-दोन तासांवर स्टॅनस्टेड आहे, क्वेबेकमध्ये. पलीकडे व्हरमाँटमधलं डर्बी लाइन. तिथे हॅस्केल नावाचं वाचनालय मुद्दाम सीमेवर बांधलंय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दोन्ही गावांसाठी. जमिनीवर काळी पट्टी. वर नाट्यगृह आहे, त्यात रंगमंच कॅनडात आणि बऱ्याच खुर्च्या अमेरिकेत. मुख्य दार अमेरिकेत, पण आम्ही इकडून फुटपाथने चालत जायचो, आत जायचो, परत यायचो. पासपोर्ट दाखवायला लागायचा नाही. मुलीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती, पट्टीवर लंगडी घालत होती. "आई, मी कॅनडा! आई, मी अमेरिका!"

यंदा मार्चमध्ये अमेरिकेने जाहीर केलं की ही सवलत काढून घेणार. वाचनालयाने कॅनडाच्या बाजूला नवं दार करायचं ठरवलंय, वर्गणी गोळा होतेय. आम्हीही दिली.

सायली, म्हणून म्हणते, जाऊन या. अशी गावं कायम अशीच राहतील असं धरून चालू नये.

खडूस_काका · १४ एप्रिल, ०८:१०

मंजिरीताई, हे वाचून सकाळचा चहा गार झाला.

तरी पण बार्ले कंटाळवाणं आहे.

जिवतीकर · १४ एप्रिल, १०:२५

जिवती तालुक्यात (चंद्रपूर) शिक्षक आहे. आमच्याकडची १४ गावं महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. दोन सरपंच, दोन शाळा, दोन रेशनकार्डं, मतदान दोन्हीकडे. महाराजगुड्याला एक घर आहे, सीमा घरातूनच. चार खोल्या इकडे, चार तिकडे. पेपरात फोटो आल्यापासून लोक बघायला येतात. पाहुणे हसतात, "मज्जा आहे तुमची." गावात मात्र जमिनीचे पट्टे मिळाले नाहीत हा विषय निघतो, मग कुणी हसत नाही.

बार्लेच्या लोकांना विचारून या एकदा, दोन सरकारं म्हणजे दोन हात देणारे, की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणारे.

पेन्सिलशार्प · १४ एप्रिल, ११:४०

जिवतीकर, फार चांगला प्रश्न. आणि जगातला सगळ्यात मोठा असा गुंता आपल्याच शेजारी होता, कूचबिहारला. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात, त्यांचे ५१ भारतात. छिटमहल. तिथल्या माणसांना ना इकडची शाळा, ना तिकडचा दवाखाना. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल होऊन तो संपला. दहाला खाग्राबारी म्हणून एक तुकडा तर भारतातल्या बांगलादेशातल्या... नाही, उलटं, बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशातला भारत होता. मला कागद घेऊन लिहावं लागतं.

सोनचाफा · १४ एप्रिल, ११:५२

याची पुरणपोळी नका करू कृपया.

सायली_आ · १४ एप्रिल, २०:१५

बाप रे, किती लिहिलंत! सगळ्यांचे आभार. मी धागा छापून बाबांना द्यायचं ठरवलंय. गेल्यावर सांगेनच. (शाकाहारी खाण्याचं कुणीच सांगितलं नाही!)

टिळबर्गकर · १४ एप्रिल, २०:३३

बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि चीज घातलेला पाव. दोन्ही देशांत. धपाटे घरून न्या.

सायली_आ · १८ मे २०२५, १६:२०

काल जाऊन आलो! मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

बाबांना मी आदल्या रात्री धागा वाचायला दिला. सकाळी सात वाजता बूट घालून सोफ्यावर बसलेले. खिशात काहीतरी फुगलेलं दिसलं. मोजपट्टी! नाशिकहून आणलेली! आई म्हणाली, "मी बॅगेतून दोनदा काढली होती."

पर्यटन कार्यालयातून नकाशा घेतला. पहिला अर्धा-पाऊण तास बाबा कुणाशी बोलले नाहीत. नकाशा उत्तरेकडे फिरवायचा, चर्चचा मनोरा धरायचा (ते चर्च बेल्जियमचं), फुल्या मोजत जायच्या. मध्येच रस्त्यात खाली वाकून लोखंडी चकती बघायची. एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला. मग एकदम म्हणाले, "काम चोख आहे. पण खुणा फार उशिरा घातल्यात." मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, "घरं आधीची आहेत, खुणा घरांना वळसा घालत नाहीत. आधी खुणा असत्या तर बांधणाऱ्याने बघून बांधलं असतं." घरी येऊन पाहिलं. गावातल्या तुकड्यांच्या हद्दी प्रत्यक्ष आखायचं काम १९७४ नंतरचं, शेवटचा हिशेब १९९५ मध्ये लागला. मी काही सांगितलं नव्हतं, धाग्यातही हे नाही.

लोव्हरेनच्या त्या दोन नंबरांच्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "मोजणीची फी कोणी भरली असेल?"

पट्टी बाहेर काढू दिली नाही मी. समोरच्या घरातल्या बाई खिडकीतून बघत होत्या.

आता खरी गंमत. आई या सगळ्यात कॅफेबाहेर बसून होती, गुडघ्यांमुळे. धपाटे पर्समध्ये, समोर कॉफी. आम्ही परत आलो तर म्हणते, "त्या समोरच्या ओळीतलं तिसरं घर बेल्जियमचं ना?" बाबांनी नकाशा बघितला. बेल्जियमचं. "आणि पलीकडचं डच." डच. बाबा म्हणाले, पाटी दिसतेय तुला. आईचा चष्मा पर्समध्येच होता. मग काय, बाबांनी परीक्षाच घेतली. नऊ घरं विचारली, आईची सात बरोबर.

गाडीत बसल्यावर गुपित सांगितलं. "काही घरांना पडदेच नाहीत. आतली फुलदाणी, टीव्ही, म्हातारा, सगळं रस्त्यावरून दिसतं. आणि काही घरांना खिडकीवर ते गुंडाळायचे पत्र्याचे पडदे. ज्यांना दाखवायचंय ते तुमच्या सायलीचे लोक. ज्यांना झाकायचंय ते दुसरे."

बाबा टिळबर्गपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "दोन चुकली ना पण."

तलाठी_आप्पा · १८ मे, १७:०२

वहिनींना नमस्कार सांगा. अशी नजर आमच्या खात्यात एकाला असती तर निम्मी अपिलं झालीच नसती. आणि साहेबांचं ते खुणांबद्दलचं निरीक्षण शंभर नंबरी. त्यांना म्हणावं, नाशिकला आलो की भेटतो.

उंबरठा · १८ मे, १७:२०

पण जिवतीकरांचा प्रश्न विचारलात का कुणाला?

सायली_आ · १८ मे, १७:४१

विचारला. कॅफेतल्या मावशींना, माझ्या मोडक्या डचमध्ये. त्या म्हणाल्या, रस्ता खणायचा असला की दोन्ही नगरपालिकांची परवानगी, दोघांचे नियम वेगळे, म्हणून सगळ्याला वेळ लागतो. पण कुणाचं अडत नाही, कारण दोघांकडे पैसे आहेत. हे शेवटचं त्या हसत म्हणाल्या.

जिवतीकर · १८ मे, १८:०५

धन्यवाद. हेच ऐकायचं होतं.

मंजिरी_माँट्रियल · १८ मे, १९:३०

आईंचे पडदे! मी पुढच्या वेळी स्टॅनस्टेडला खिडक्याच बघणार आहे.

खडूस_काका · १८ मे, २१:१०

गाडी कुठे लावली होती? पुढच्या शनिवारी बायको जायचं म्हणतेय.

सायली_आ · १८ मे, २१:१८

चर्चच्या मागच्या गल्लीत. कुठल्या देशात ते आईला विचारून सांगते.